गेटग्लोबलशी समेट

कोड रिव्ह्यूला बसले की माझ्या काही हरकती ठरलेल्या असायच्या. त्यातली सगळ्यात ठाम हरकत ही, की प्रोग्रॅमने चालता चालता व्हेरिएबलचं नाव स्वतः तयार करायचं नाही. नाव माणसाने ठरवावं, माणसाला वाचता यावं, यंत्राने ते मुकाट्याने पाळावं. 'जीव_' हा तुकडा घ्यायचा, त्याला शत्रूचं नाव चिकटवून 'जीव_ऑर्क' बनवायचं आणि मग त्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते विचारायचं, असला कोड समोर आला की मी पुढचं वाचतही नसे. 'टेबल वापर' एवढाच शेरा. हल्ली तो शेरा पहिल्या झटक्यात माझ्या हातून उमटत नाही. हा बदल ऑफिसात झाला नाही, गेम खेळताना झाला.

मूळ मताची सुरुवातही गेमपासूनच होते. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' लिहिलं. निव्वळ मजकुरावर चालणारं, अनेकांनी एकाच वेळी खेळायचं जग. तुम्ही अमुक गुहेत आहात, इथे एक ऑर्क उभा आहे, असं स्क्रीनवर उमटतं. तुम्ही त्याला मारायची कमांड टाइप करता. त्याने काय केलं तेही मजकुरातच कळतं. पुढे कोपनहेगनचं डिकूमड आलं आणि त्याच्या घराण्यातली कितीतरी जगं उभी राहिली. साध्या टेलनेटवरही हे खेळता येतं, पण बोटं दुखतात. म्हणून लोक क्लायंट वापरतात : टिनटिन प्लस प्लस, झीमड, मशक्लायंट, मडलेट. क्लायंटला स्वतःची स्क्रिप्टची भाषा असते. अमुक ओळ आली की तमुक कमांड पाठव, हा झाला ट्रिगर. लांबलचक कमांडला छोटं नाव, तो एलियस. आणि लक्षात ठेवायच्या गोष्टींसाठी व्हेरिएबल.

टिनटिनमध्ये 'लक्ष्य' नावाच्या व्हेरिएबलमध्ये 'ऑर्क' ठेवला, की पुढे '$लक्ष्य' लिहिलेल्या प्रत्येक जागी 'ऑर्क' येतो. इथवर सगळं सरळ. पण खेळणाऱ्याला लवकरच आणखी हाव सुटते. समोर तीन शत्रू आहेत, प्रत्येकाला किती लागलंय ते वेगळं लक्षात ठेवायचंय. व्हेरिएबलच्या नावातच शत्रूचं नाव घुसवता आलं तर? 'जीव_$लक्ष्य' असं लिहिलं, की लक्ष्य ऑर्क असताना 'जीव_ऑर्क' आणि ट्रोल असताना 'जीव_ट्रोल'. एका व्हेरिएबलच्या पोटातून दुसऱ्याचं नाव काढायचं. यालाच अप्रत्यक्ष संदर्भ म्हणतात. हा शोध प्रत्येक खेळाडू आपापला लावतो, आणि लागला की स्वतःवर खूश होतो. मीही झाले होते.

माझी हरकत नंतर, नोकरीत मुरल्यावर तयार झाली. तिची कारणं भक्कम होती आणि आजही आहेत. पहिलं कारण शोधाशोधीचं. 'जीव_ऑर्क' कुठे कुठे बदलतो हे बघायला फाइलीत शोध घेतला तर एकही ओळ सापडत नाही, कारण ते नाव अख्खं असं कुठे लिहिलेलंच नाही. दुसरं कारण टायपोचं. टिनटिनमध्ये अस्तित्वात नसलेल्या व्हेरिएबलचं नाव आहे तसं पुढे जातं. 'मार $लक्ष' असं चुकून लिहिलं तर डॉलरच्या चिन्हासकट ते गेमकडे पोचतं, आणि गेम शांतपणे सांगतो की असं इथे कुणी नाही. निदान ही चूक डोळ्यांना दिसते. नाव जोडून बनवलेलं असेल तर कुठल्या तुकड्यात गडबड झाली ते शोधत बसा.

तिसरं कारण मात्र नुसत्या गैरसोयीचं नाही, सुरक्षेचं आहे. समजा, गिल्डमधल्या प्रत्येकाने शेवटचं कुठलं लक्ष्य जाहीर केलं ते मला साठवायचंय. मी ट्रिगर लिहिते : 'अमुक म्हणतो, लक्ष्य तमुक' अशी ओळ आली की 'अमुक' नावाच्या व्हेरिएबलमध्ये 'तमुक' ठेव. छान चालतं. पण 'अमुक' म्हणजे बोलणाऱ्या पात्राचं नाव, आणि ते नाव त्या खेळाडूने निवडलेलं. माझ्या स्क्रिप्टमध्ये औषधाची कमांड ज्या व्हेरिएबलमध्ये आहे, नेमकं त्याच नावाचं पात्र कुणी बनवलं तर? तो बोलेल आणि माझं औषध त्याच्या वाक्यात बदलून जाईल. पीएचपीमध्ये रजिस्टर ग्लोबल्स नावाची सोय होती, तिच्यात हाच घोळ होता. वेबपेजच्या पत्त्यात कुणी काहीही लिहावं आणि प्रोग्रॅममध्ये त्या नावाचं व्हेरिएबल तयार व्हावं. २००२ साली, ४.२ आवृत्तीपासून, ती सोय मुळात बंद ठेवायला सुरुवात झाली आणि २०१२च्या ५.४ आवृत्तीत ती काढूनच टाकली. पर्लमध्येही 'स्ट्रिक्ट' चालू केलं की अशा जोडलेल्या नावांना भाषाच नकार देते. इतके जाणते लोक एका बाजूला असताना मला शंका कशाला येईल?

मग मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये शिरले. हा गेम नोव्हेंबर २००४मध्ये अमेरिकेत आला. त्याचा अख्खा इंटरफेस, म्हणजे बटणं, नकाशा, जीव दाखवणाऱ्या पट्ट्या, लुआ या भाषेत लिहिलेला. लुआ ब्राझीलमधल्या रिओच्या पीयूसी विद्यापीठात १९९३ साली जन्मली. छोटी, नेटकी, आणि डेटा ठेवायला तिच्याकडे एकच रचना : टेबल, म्हणजे किल्ली दिली की किंमत देणारं. गेम बनवणाऱ्या ब्लिझर्डने आपल्या इंटरफेसचा लुआ कोड खेळाडूंना वाचायला खुला ठेवला होता. मी तो मोठ्या आदराने उघडला आणि हबकले. पानोपानी गेटग्लोबल. खालच्या पट्टीवर बारा बटणं, त्यांची नावं ॲक्शनबटन१पासून ॲक्शनबटन१२पर्यंत. लूपमध्ये 'ॲक्शनबटन' या शब्दाला आकडा चिकटवायचा आणि गेटग्लोबलला म्हणायचं, या नावाचं जे काही असेल ते दे. बटणाच्या आतल्या चित्राचं नाव तर साच्यातूनच यायचं. साच्यात '$पेरंट-आयकॉन' अशा धर्तीवर लिहिलेलं असे, आणि पहिल्या बटणापाशी त्याचं आपोआप 'ॲक्शनबटन१आयकॉन' होई. म्हणजे ज्या गोष्टीवर मी ज्युनिअर मुलांना बोल लावत होते, तीच जगातल्या सगळ्यात लोकप्रिय गेमपैकी एकाच्या पायात होती. 'घाईत लिहिलं असेल,' असं म्हणून मी विषय मिटवला.

तो मिटला नाही, कारण ॲडऑन, म्हणजे इंटरफेसला खेळाडूने जोडायची पुरवणी, लिहायला घेतल्यावर लुआचाच इतिहास आड आला. चौथ्या आवृत्तीपर्यंत गेटग्लोबल हे लुआचं स्वतःचं फंक्शन होतं. २००३च्या पाचव्या आवृत्तीत भाषेने ते मागे टाकलं आणि सगळे ग्लोबल, म्हणजे प्रोग्रॅमभर कुठूनही दिसणारे, व्हेरिएबल सरळ एका टेबलात मांडले. त्या टेबलाचं नाव अंडरस्कोर-जी. ब्लिझर्डने जुनं नाव तेवढं चालू ठेवलं. आता गंमत बघा. मी ज्याला त्याला सांगत होते की नावं जोडू नकोस, टेबल वापर. आणि इथे नावं जोडणं म्हणजेच टेबल वापरणं होतं. 'जीव' नावाच्या टेबलात 'ऑर्क' ही किल्ली टाकून किंमत काढणं आणि ग्लोबलच्या टेबलात 'जीव_ऑर्क' ही किल्ली टाकून किंमत काढणं, यंत्राच्या लेखी एकच क्रिया. फरक एवढाच, की पहिलं टेबल माझ्या एकटीच्या मालकीचं आणि दुसरं गावजेवण. माझी हरकत अप्रत्यक्षपणाला नव्हतीच. ती होती सामायिक जागेला. इतकी वर्षं मी ती चुकीच्या नावाने नोंदवत होते.

दुसरा धक्का ॲडऑन मोडताना बघून बसला. ब्लिझर्डच्या कोडने वापरलेल्या ग्लोबल व्हेरिएबलवर ॲडऑनने काही लिहिलं, की गेम त्या किमतीला डाग लागला असं मानतो. ब्लिझर्डच्या कोडने ती डागाळलेली किंमत वाचली की त्याच्या पुढच्या कामालाही डाग लागतो, आणि मग मंत्र टाकण्यासारखी राखीव कामं अडवली जातात. ॲडऑन लिहिणाऱ्यांत कुप्रसिद्ध असलेला प्रकार म्हणजे नुसतं अंडरस्कोर. नको असलेली किंमत टाकून द्यायला लुआत सर्रास '_' हे नाव वापरतात. त्याच्या आधी 'लोकल' लिहायला कुणी विसरलं, की ते ग्लोबल होतं. ब्लिझर्डच्या कोडमध्येही कुठेतरी तसंच राहून गेलेलं असलं, की एका ॲडऑनच्या गबाळेपणामुळे भलत्याच खिडकीतलं बटण चालेनासं होतं. यात नाव जोडलेलं नव्हतं, अप्रत्यक्ष काही नव्हतं. उघड, सरळ, एका अक्षराचं नाव. माझ्या नियमाने याला बिनदिक्कत पास केलं असतं.

पण मत खऱ्या अर्थाने बदललं ते हीलर म्हणून, म्हणजे साथीदारांना बरं करणारी म्हणून, खेळताना. वॉरक्राफ्टमध्ये पाच जणांची पार्टी असते. तुम्ही स्वतः 'प्लेयर', बाकीचे 'पार्टी१' ते 'पार्टी४'. मोठ्या गटात, म्हणजे रेडमध्ये, 'रेड१' ते 'रेड४०'. तुम्ही ज्याच्यावर नेम धरलाय तो 'टार्गेट'. माउसचा बाण ज्याच्यावर आहे तो 'माउसओव्हर'. ही सगळी साधी अक्षरं आहेत, अवतरणचिन्हांत लिहायची. युनिटहेल्थ या फंक्शनला 'पार्टी२' हे अक्षरी नाव द्या, ते त्या क्षणी जो दुसऱ्या क्रमांकावर असेल त्याचा जीव सांगतं. त्याहून पुढे म्हणजे 'टार्गेटटार्गेट' : माझ्या लक्ष्याचं लक्ष्य. राक्षस आत्ता कुणाच्या अंगावर धावून जातोय हे कळायला हीलरला तेवढं एक नाव पुरतं. 'पार्टी१टार्गेट' म्हटलं की पहिला साथीदार कुणाशी लढतोय ते. नावाच्या पोटात नाव, आणि ते उलगडायचं ऐन वेळी. मी ज्याला पाप म्हणत होते ते इथे हीलरच्या कामाचा कणा होतं. लूप लावायचा, 'पार्टी'ला एक ते चार आकडे चिकटवायचे आणि ज्याचा जीव सगळ्यात कमी त्याच्याकडे धावायचं. असं लिहिणाऱ्याला 'टेबल वापर' म्हणून काय उपयोग? टेबल भरायला सुरुवात करेपर्यंत त्यातली माहिती शिळी झालेली असते.

डिसेंबर २००६मध्ये गेमची २.० आवृत्ती आली आणि तिने माझ्या उरल्यासुरल्या शंका काढून टाकल्या. तोवर ॲडऑनला वाटेल तो मंत्र वाटेल त्याच्यावर टाकता यायचा. डिकर्सिव्ह नावाचं ॲडऑन प्रसिद्ध होतं. एक कळ दाबली की ते शाप लागलेला साथीदार स्वतः शोधायचं आणि शाप उतरवायचा मंत्रही टाकायचं. हीलरने फक्त कळ दाबत राहायचं. ब्लिझर्डला हे मान्य नव्हतं. कुणावर काय टाकायचं हा निर्णय माणसाचा असावा, कोडचा नाही, असं त्यांनी ठरवलं. डागाचा बंदोबस्त या आवृत्तीत कडक झाला आणि मंत्र टाकणाऱ्या बटणांवर कुलूप लागलं. लढाईबाहेर असताना ॲडऑनने बटणाला सांगून ठेवायचं, की तुझा मंत्र अमुक, तुझं माणूस तमुक. एकदा लढाई सुरू झाली की ॲडऑनला परस्पर त्यात फेरफार करता येत नाही.

ही बंदी आणताना त्यांनी अप्रत्यक्ष नावांना हात लावला नाही, ही गोष्ट मला नीट कळायला वेळ लागला. बटणावर 'रेड७' लिहून ठेवायची मुभा राहिली. मॅक्रोमध्ये 'टार्गेट=माउसओव्हर' लिहायची मुभा राहिली. म्हणजे लिहिलेलं नाव लढाईभर गोठलेलं, पण नावामागचं माणूस जिवंत, बदलणारं. बाण ज्या चौकटीवर नेला त्याला औषध. निवड हाताची, उलगडा गेमचा, आणि ॲडऑनला मधे तोंड घालायला जागा नाही. नावं अप्रत्यक्ष नसती तर या कुलुपानंतर हीलरला खेळणं अवघड झालं असतं. चाळीस जणांच्या रेडमध्ये जागा बदलली, कुणी निघून गेलं, नवा आला, की आधी लिहून ठेवलेली माणसांची नावं कुचकामी. ब्लिझर्डच्या लोकांनी नाव बनवायची पद्धत पाहिली नाही. नाव कुणी लिहिलं आणि केव्हा लिहिलं, एवढंच पाहिलं.

याची दुसरी बाजूही त्याच गेमने शिकवली. 'पार्टी२' म्हणजे कोण हे बदलतं, म्हणून त्या नावावर काही साठवून ठेवू नये. साथीदार सोडून गेला की मागचा पुढे सरकतो, आणि त्याने कधी न केलेल्या चुका त्याच्या खात्यावर दिसायला लागतात. २००८च्या २.४ आवृत्तीत युनिटजीयूआयडी आलं. प्रत्येक पात्राला आणि राक्षसाला एक न बदलणारा ओळखक्रमांक, एकाच नावाचे दोन राक्षस समोर असले तरी वेगवेगळा. तेव्हापासून माझी वाटणी ठरली. आदेश द्यायचा तर पदाच्या नावाने, नोंद ठेवायची तर ओळखक्रमांकाने. सरकारी नोटीस 'मा. सरपंच' या नावाने काढली तर निवडणूक झाली तरी योग्य हाती पडते, पण सोसायटीचं कर्ज पदाच्या नावावर चढवलं तर नव्या सरपंचाच्या घरावर जप्ती येईल.

यानंतर मी माझ्या जुन्या मडच्या स्क्रिप्ट पुन्हा उघडल्या, आणि अप्रत्यक्ष संदर्भ आपण खेळतो त्या भाषेतच मुरलेला आहे हे तेव्हा दिसलं. डिकूच्या घराण्यात एका खोलीत तीन ऑर्क असले तर दुसऱ्याला मारायला '२.ऑर्क' लिहायचं. हे नाव नाही, जागा आहे. पहिला मेला की कालचा दुसरा आज पहिला होतो. माझा ट्रिगर '२.ऑर्क'ला नीट मारत होता, पण 'जीव' टेबलात '२.ऑर्क' ही किल्ली करून जखमा नोंदवत होता. टेबल होतं, शिस्त होती, माझ्या नियमात सगळं बसत होतं, आणि तरी हिशेब दर मेलेल्या ऑर्कागणिक बिघडत होता. उलट 'जीव_' जोडणारी जुनी स्क्रिप्ट जिथे शत्रूंची यादी मीच ठरवलेली होती, चार नावांची, तिथे काहीही बिघडलेलं नव्हतं. मी ती तशीच राहू दिली. बोलणाऱ्याचं नाव व्हेरिएबल करणारा ट्रिगर मात्र लगेच बदलला. आता तो 'बोलला' नावाच्या टेबलात त्या माणसाच्या नावाखाली लिहितो. बाहेरच्याने काहीही नाव घेतलं तरी त्याची मजल तेवढ्या कुंपणापर्यंत.

कुणी म्हणेल, खुद्द ब्लिझर्डही गेटग्लोबलपासून दूर गेलं की. खरंय. पुढे साच्यांमध्ये अशी सोय आली, की बटणाच्या आतलं चित्र बटणाच्याच टेबलात एका साध्या नावाने ठेवता येतं. लांबलचक ग्लोबल नाव जोडायची गरज उरत नाही. २०१०च्या ४.० आवृत्तीत 'धिस' हे जादूचं ग्लोबलही गेलं आणि फंक्शनला 'सेल्फ' हातात देऊनच बोलवायची पद्धत एकमेव राहिली. हे बदल मला आवडले. जी गोष्ट कायम एकाच बटणाची आहे ती त्याच्याच घरात असावी. पण त्याच इंटरफेसमध्ये 'टार्गेटटार्गेट' अजून तसंच आहे, कारण जे दर क्षणाला बदलतं त्याला घर देता येत नाही, फक्त पत्ता विचारायची रीत देता येते.

परवा एका खेळाडू मुलाने विचारलं, 'ताई, एका व्हेरिएबलमध्ये दुसऱ्याचं नाव आहे, त्यावरून दुसऱ्याची किंमत कशी काढू?' पूर्वी माझं उत्तर तोंडावर तयार असायचं, आणि त्याचा सूर, खरं सांगायचं तर, जरा हेटाळणीचा असायचा. हे विचारणारा प्रोग्रॅमर नसतो, त्याला फक्त राक्षस मारायचा असतो, हे मी सोयीस्करपणे विसरायचे. या वेळी मी त्याला उलट दोन प्रश्न विचारले. ते नाव कोण लिहितं : तू, गेम, की समोरचा खेळाडू? आणि त्या नावाचा अर्थ तुला आत्ताचा हवाय, की साठवला तेव्हाचा? तो म्हणाला, नाव गेम देतो, आणि अर्थ आत्ताचा हवाय. मग आतलं नाव आधी उलगडावं म्हणून कंस कुठे टाकायचे ते मी त्याला दाखवलं. टेबलाचा विषयही काढला नाही.